विमानाचा दांडा आणि वैमानिकाचा हात

मुकुंदवाडीत राहणाऱ्यांस विमानाचे नवल फारसे उरलेले नसते. चिकलठाण्याचा विमानतळ शेजारीच. दुपारच्या झोपेत डोक्यावरून विमान गेले तर आम्ही कूस बदलतो, एवढेच. परंतु गेल्या पावसाळ्यात आमचा एक जुना विद्यार्थी कागदांची मोठी गुंडाळी काखेत मारून आला आणि आपण दोन माणसांचे हलके विमान स्वतःच्या हातांनी बांधणार असल्याचे त्याने सांगितले, तेव्हा मात्र आम्ही ताडकन उठून बसलो.

यंत्र कोणते, पंख किती लांब, हे सारे त्याचे ठरलेले होते. अडले होते ते एका गोष्टीपाशी. विमान ज्या दांड्याने हाकावयाचे तो दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये असावा, की खुर्चीच्या उजव्या कडेस आखूडसा असावा, की त्याऐवजी मोटारीसारखे चाक असावे? त्याचा ओढा कडेच्या दांड्याकडे होता. “सर, लढाऊ विमानांत तसाच असतो,” हे त्याचे मुख्य प्रमाण! आम्ही इतिहास शिकविण्यात आयुष्य घालविलेले. यंत्रविद्येत आमची गती बेताचीच. तथापि हा प्रश्न विमानाइतकाच जुना आहे आणि त्याची काही उत्तरे माणसांनी प्राण देऊन मिळविलेली आहेत, हे आम्हांस ठाऊक होते.

1903 साली राइट बंधूंनी पहिले उड्डाण केले तेव्हा वैमानिक पालथा निजत असे आणि कमरेखालचा पाळणा डावीउजवीकडे सरकवून पंखांस पीळ देत असे. पुढे ते बसून विमान हाकू लागले तेव्हा हातांशी तरफा आल्या; परंतु त्यांची रचना विलक्षण होती. त्यांच्या पुढील काळच्या विमानांत ते डावीउजवीकडे कलविण्यासाठी तरफ पुढेमागे लोटावी लागे. कलावयाचे बाजूस आणि हात जावयाचा पुढे! शिवाय दोन आसनांच्या मध्ये ही तरफ एकच असे. परिणामी जो डाव्या आसनावर शिकला तो तिला उजव्या हाताने धरी, आणि उजव्या आसनावरचा डाव्या हाताने. आसन बदलले की वैमानिक पुन्हा नवशिका. यंत्र निर्माण करणाऱ्यांची बुद्धी अलौकिक होती यात संशय नाही, पण दुसऱ्याच्या हाताचा विचार त्यांनी फारसा केला नाही, असे आम्हांस वाटते.

तो विचार फ्रान्समध्ये झाला. रोबेर एस्नो-पेल्तरी याने 1907 च्या सुमारास एकच उभा दांडा योजिला: पुढे लोटला की विमानाचे नाक खाली, मागे ओढला की वर, डावीकडे कलविला की विमान डावीकडे कलणार. सुकाणू पायांकडे गेले. ब्लेरिओने हीच कल्पना उचलली आणि 25 जुलै 1909 रोजी असल्याच दांड्याच्या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली. जिकडे शरीराचा तोल जावा तिकडेच हात जातो, ही या दांड्याची सारी थोरवी. ती उमगण्यासाठी पाठशाळा लागत नाही.

त्याच वेळी दुसरे प्रयोगही चाललेच होते. अमेरिकेत ग्लेन कर्टिसने वैमानिकाच्या खांद्यांभोवती एक जोखड बसविले. विमान एका कुशीवर कलले की माणसाने दुसऱ्या बाजूस झुकावे, म्हणजे ते सावरे. सांतोस-द्युमाँ याने आपल्या ‘देमुआझेल’ नावाच्या चिमुकल्या विमानात तर ती तरफ कोटाच्या पाठीशीच अडकविली होती. हे विमान आमच्या विद्यार्थ्याचे खरे पूर्वज म्हणावयास हरकत नाही. कारण त्याचे नकाशे सांतोस-द्युमाँने कोणताही हक्क न राखता लोकांस खुले केले आणि 1910 साली ते एका अमेरिकन मासिकात छापून आले. घरी विमान बांधण्याच्या छंदाचा आरंभ येथून धरता येतो.

या छंदाचे भयंकर प्रकरण पुढे 1930 नंतरच्या दशकात घडले. आंरी मिन्ये या फ्रेंच गृहस्थाने सामान्य माणसासाठी ‘आकाशातील पिसू’ निर्माण केली. पायाने सुकाणू हाकणे लोकांस कठीण जाते म्हणून त्याने पायांतले सारे काढूनच टाकले. एकच दांडा: बाजूला नेला की सुकाणू वळे आणि पुढेमागे केला की पुढच्या पंखाचा कोन बदले. सोपेपणाची ही पराकाष्ठा होती आणि शेकडो हौशी लोक कोठारांत, गोठ्यांत विमाने बांधू लागले. मग माणसे मरू लागली. 1936 साली फ्रान्स व इंग्लंड येथील मोठ्या वातबोगद्यांत परीक्षा झाली तेव्हा कारण कळले. विमान एका मर्यादेपलीकडे नाक खाली घालून सुटले, की पुढच्या पंखाचा कोन वाढविल्याने मागच्या पंखाखालचा उचलही वाढे आणि नाक वर येतच नसे. वैमानिक जिवाच्या आकांताने दांडा ओढीत असे. हात बरोबर होता, विमान ऐकत नव्हते.

आता कडेच्या दांड्याविषयी. त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. बर्ट रुटान याने 1975 च्या सुमारास घरी बांधावयाच्या विमानांत तो आणला. कोपर टेकून नुसत्या मनगटाने विमान हाकता येते आणि समोरची जागा मोकळी राहते. परंतु आखूड दांड्यास तरफेचा लाभ कमी, म्हणून इवल्याशा हालचालीत फार मोठे काम भरलेले असते. दुसरे असे की मधला दांडा कोणत्याही हाताने धरता येतो. उजवीकडचा फक्त उजव्याने. उजवा हात दुसरीकडे न्यावा लागला तर?

12 ऑक्टोबर 1997 रोजी जॉन डेन्व्हर हा प्रसिद्ध अमेरिकन गायक रुटानच्याच आराखड्याच्या ‘लाँग-ईझी’ विमानातून एकटा उडाला आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडून मेला. विमान बांधणाऱ्याने इंधनाची टाकी बदलण्याची कळ आराखड्यातील जागा सोडून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसविली होती. तेथे पोचण्यासाठी उजव्या कडेच्या दांड्यावरचा हात काढून अंग मागे वळवावे लागे. आणि त्या ओढाताणीत उजवा पाय सुकाणूवर नकळत दाबला गेला असावा, असा चौकशीचा निष्कर्ष झाला. इंधन थोडे होते, इत्यादी इतर कारणेही होती. दोष केवळ दांड्याचा नव्हे. पण दांडा, कळ आणि पाय यांचा एकत्र विचार कोणी केला नव्हता.

आमच्या विद्यार्थ्याचे विमान दोघांचे, म्हणून दुसऱ्या एका दुर्घटनेची आठवण त्याला करून द्यावी लागली. 1 जून 2009 रोजी एअर फ्रान्सचे विमान 228 माणसांसह अटलांटिकमध्ये कोसळले. त्यातील दोन्ही वैमानिकांचे कडेचे दांडे परस्परांस जोडलेले नव्हते. एकजण आपला दांडा मागे ओढून धरीत होता, हे शेजाऱ्याच्या हातास कळण्याचा मार्ग नव्हता. उलटपक्षी, कोल्हापूरकडचे आपले डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी बंगलोरास रचलेले आणि 1951 साली प्रथम उडालेले ‘एचटी-2’ हे शिकाऊ विमान पाहा. गुरु व शिष्य मागेपुढे बसत, दोघांपुढे दांडा, आणि दोन्ही एकमेकांस जोडलेले. शिष्याची चूक गुरूच्या तळहातास आधी कळे, डोळ्यांस मागाहून. गटिंगन येथे प्रांटलसारख्या आचार्याच्या हाताखाली तयार झालेल्या घाटग्यांनी येथे कसलीही नवलाई केली नाही.

“म्हणजे सर, मी जुनेच करू?” त्याने जरा हिरमुसून विचारले. आम्ही त्याला अमोल यादव यांचे उदाहरण दिले. कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनांचे विमान या गृहस्थांनी 2016 साली मुंबईच्या प्रदर्शनात लोकांपुढे ठेविले. त्याची नोंदणी 2017 साली झाली आणि उड्डाणाची परवानगी मिळावयास 2019 उजाडले. ज्या कामात नवलाईवाचूनच इतकी वर्षे जातात, तेथे दांड्याची नवलाई कशास? मात्र निकाल आम्ही दिला नाही. एवढेच सांगितले की, आधी लाकडाची दोन आसने ठोक, केरसुणीची काठी दांडा म्हणून बसव, पट्टा बांध, दोघे बसा आणि डोळे मिटून प्रत्येक कळ शोधा.

पंधरा दिवसांनी तो परत आला. शेजारच्या आसनावर त्याने आपल्या वडिलांस बसविले होते. ते अंगाने भरलेले. मधला दांडा पुरता डावीकडे नेला की त्यांच्या मांडीस अडे. आता तो दांडा खालून वाकडा करावा की आसन चार बोटे मागे सरकवावे, याचा हिशोब चालला आहे.