पार्श्वभूमीची धूसरता : छायाचित्रणाच्या इतिहासातील एक उपेक्षित साधन

छायाचित्रणाच्या इतिहासात भिंगांचे मूल्यमापन प्रामुख्याने प्रतिमेच्या रेखीवपणावरून झाले. फोकसबाहेरील पार्श्वभूमीच्या रूपाकडे मात्र दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. हे रूप भिंगाच्या रचनेवर कसे अवलंबून असते, हे तीन भिंगांच्या तुलनेतून स्पष्ट होते.

१८३९ मध्ये दागेर यांची पद्धत जाहीर झाली, तेव्हाची भिंगे अत्यल्प प्रकाश घेत. परिणामी व्यक्तीला बराच वेळ निश्चल बसावे लागे. व्हिएन्ना येथील गणितज्ञ जोसेफ पेट्झवल यांनी १८४० मध्ये आखलेल्या भिंगाने ही अडचण बरीच दूर केली. त्यात मध्यभागीचा चेहरा स्पष्ट उमटे. परंतु बिंबक्षेत्राच्या वक्रतेमुळे कडा धूसर होत व मागील झाडी भोवऱ्यासारखी फिरलेली भासे.

१८९३ मध्ये एच. डेनिस टेलर यांनी इंग्लंडमध्ये तीन भिंगांची 'ट्रिप्लेट' रचना सिद्ध केली. तिने कडांपर्यंत रेखीवपणा आणला. तथापि याच रचनेवरील 'ट्रायोप्लान'सारख्या भिंगांत गोलीय विपथनाच्या अतिरिक्त दुरुस्तीमुळे मागील प्रकाशबिंदू ठळक कडांच्या साबणाच्या फुग्यांसारखे दिसतात. म्हणजेच येथेही धूसरतेचे रूप हेतूतून नव्हे, तर दुरुस्तीतून घडले.

धूसरतेविषयीची अभिरुचीही स्थिर नव्हती. पी. एच. एमर्सन यांनी १८८९ मध्ये मुख्य विषयाखेरीज इतर भाग किंचित अस्पष्ट ठेवण्याचा पुरस्कार केला. उलट १९३२ मध्ये कॅलिफोर्नियातील 'ग्रुप एफ/६४'ने सर्वांगीण स्पष्टतेचा आग्रह धरला. पुढे १९९७ मध्ये एका अमेरिकन नियतकालिकाने 'बोके' ही जपानी संज्ञा इंग्रजी वाचकांत रूढ केली. १९९९ मध्ये मिनोल्टाने १३५ मि.मी.चे एस.टी.एफ. भिंग आणले. त्यातील कडेकडे गडद होत जाणाऱ्या घटकामुळे प्रकाशबिंदूंच्या कडा हळुवार विरतात. त्यासाठी काही प्रकाश मात्र गमवावा लागतो. येथे धूसरता हेच उद्दिष्ट होते.

या तुलनेतून इतिहाससंशोधकाला एक सावधगिरी मिळते. एकोणिसाव्या शतकातील व्यक्तिचित्रात भोवंडलेली पार्श्वभूमी दिसताच ती छायाचित्रकाराची कलादृष्टी मानणे धोक्याचे आहे. ती केवळ भिंगाची मर्यादा असू शकते. म्हणून छायाचित्राचा साधन म्हणून उपयोग करताना छायाचित्रकार, स्थळ व काळ यांबरोबरच भिंगाचीही नोंद तपासणे अगत्याचे ठरते.