बारमाही माथेरान

माथ्यावरचे रान ते माथेरान, अशी या गावाच्या नावाची उकल सांगितली जाते. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर वसलेले हे गिरिस्थान उपनगरांतील मुंबईकरांना अगदी हाताशी आहे. घाटकोपर, मुलुंडच्या रहिवाशांना कर्जत किंवा खोपोली लोकलने नेरळ गाठता येते. अंधेरी, बोरिवलीकरांनी दादरला गाडी बदलावी. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली येथे आले आणि पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या पुढाकाराने गावाची उभारणी सुरू झाली. स्वातंत्र्यसैनिक वीर भाई कोतवाल यांचे हे जन्मगाव.

माथेरान म्हणजे मे महिन्याची सुट्टी, हे समीकरण आता मागे पडले आहे. उन्हाळ्यात दाट झाडीची सावली आणि जांभूळ-करवंदांचा मेवा हे आकर्षण खरेच. पण पावसाळ्यातील माथेरान वेगळेच असते. तांबड्या मातीच्या वाटा ओल्याचिंब होतात, शार्लोट तलाव भरून वाहतो, काठावरचे पिसारनाथाचे मंदिर धुक्यात हरवते. पॉइंटवर जाऊन दरीऐवजी नुसते ढगच पाहून परतावे लागले, तरी त्याची हळहळ वाटत नाही. हिवाळ्यात हवा स्वच्छ असते. पॅनोरमा पॉइंटवरून सूर्योदय, पॉर्क्युपाइन पॉइंटवरून सूर्यास्त आणि लुईझा पॉइंटवरून प्रबळगडाचे दर्शन घ्यावे ते याच दिवसांत.

नेरळहून वर येणारी मिनी ट्रेन अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांच्या जिद्दीतून साकारली आणि १९०७ मध्ये धावू लागली. अवघ्या दोन फूट रुंदीच्या रुळांवरचा हा सुमारे २१ किलोमीटरचा प्रवास मात्र निसर्गाच्या मर्जीवर चालतो. २००५ च्या अतिवृष्टीत उखडलेला मार्ग २००७ मध्ये सुरू झाला. २०१९ च्या पावसाने पुन्हा वाहून गेलेला मार्ग २०२२ मध्ये पूर्ववत झाला. एरवीही पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद असतो. तेव्हा टॅक्सीने दस्तुरी नाका गाठून अमन लॉजहून शटल पकडावी, किंवा सरळ पायी निघावे.

दस्तुरीच्या पुढे पर्यटकांच्या मोटारींना मज्जाव आहे. ही शांतता हेच खरे तर माथेरानचे बाराही महिन्यांचे आकर्षण. २००३ मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला. स्वित्झर्लंडमधील झरमॅट या आल्प्समधील गावानेही पेट्रोलच्या मोटारी वेशीबाहेर ठेवल्या, पण तेथे विजेवरच्या गाड्या फिरतात. माथेरानमध्ये मात्र सामान घोड्याच्या किंवा हमालाच्या पाठीवर चढले आणि पर्यटकांना हातरिक्षात बसवून माणसांनीच चढ-उतारांवर ओढले. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर आल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षाची प्रथा सहा महिन्यांत बंद करून रिक्षाचालकांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. घोडेवाल्यांना मात्र ई-रिक्षा ही आपल्या पोटावरची गदा वाटते, आणि गावाचा मोठा भाग आजही त्यांच्याच कमाईवर जगतो.