स्पॅनिश नाम : लिंग व उपपद
स्पॅनिशमध्ये नाम पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी असते. नपुंसकलिंगी नाम नाही. त्यामुळे मराठी विद्यार्थ्याचे ‘ते पुस्तक’ तिथे पुल्लिंगी ‘एल लिब्रो’ होते, ‘ते घर’ मात्र स्त्रीलिंगी ‘ला कासा’. म्हणून नाम उपपदासकटच पाठ करावे. निश्चित उपपदे एल, ला, अनेकवचनी लोस, लास. अनिश्चित उन, उना. शेवटचा ‘ओ’ बहुधा पुल्लिंगी, ‘आ’ स्त्रीलिंगी. पण ‘ला मानो’ (हात), ‘एल दिआ’ (दिवस) हे रोजचेच शब्द नियम मोडतात. खरी फसगत ‘आग्वा’ची (पाणी). शब्द स्त्रीलिंगी, तरी आघातयुक्त ‘आ’पूर्वी एकवचनात ‘एल’ येतो. विशेषण स्त्रीलिंगीच राहते : ‘एल आग्वा फ्रिआ’, अनेकवचनी ‘लास आग्वास’. मराठीत क्रियापदही लिंगानुसार बदलते : दार ‘उघडले’, खिडकी ‘उघडली’. स्पॅनिशच्या साध्या भूतकाळी क्रियापदाला असे लिंग नसते.