कंपनीच्या कारकुनांची शाळा आणि मराठी गद्य

नोकरांना शिकवावे कसे, आणि शिकवलेले त्यांच्या डोक्यात टिकावे कसे, हा प्रश्न आज व्यवस्थापनशास्त्राच्या खात्यावर मांडला जातो. साहित्याच्या अभ्यासकाला त्याच्याशी कर्तव्य नाही, असा आपला समज असतो. परंतु मुद्रित मराठी गद्याच्या आरंभाची पुस्तके चाळली, तर ती बहुतांशी एका नोकरशिक्षणाच्या योजनेतून निघाली आहेत हे लपत नाही. वाङ्मयेतिहासात आपण त्यांची नावे पाठ करतो, सनावळी लिहितो आणि पुढे जातो. ती कोणासाठी लिहिली गेली, वर्गात त्यांचे काय होत असे, आणि त्या वर्गात खरोखर कोण शिकले, हे प्रश्न मात्र बाजूलाच राहतात. प्रस्तुत लेखात आम्हांला या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

कलकत्त्याचे फोर्ट विल्यम कॉलेज गव्हर्नर-जनरल वेलस्ली याने 1800 मध्ये स्थापन केले. त्याचा कायदा जुलैमध्ये झाला. पण स्थापनेची तिथी म्हणून 4 मे ही मागची तारीख धरली गेली, कारण श्रीरंगपट्टणच्या विजयाचा तो पहिला वाढदिवस होता. वेलस्लीपुढची अडचण आजच्या कोणत्याही मोठ्या आस्थापनेला ओळखीची वाटावी अशी होती. इंग्लंडहून सोळा-अठरा वर्षांची पोरे कंपनीच्या चाकरीत येत. त्यांच्या पदांची नावे 'रायटर', 'फॅक्टर', 'मर्चंट' अशी व्यापारी पेढीतलीच होती. प्रत्यक्षात मात्र त्यांना न्यायनिवाडा करावा लागे, सारावसुली करावी लागे, जिल्हा चालवावा लागे. हुद्दा कारकुनाचा आणि काम राज्यकर्त्याचे, अशी ही तफावत. ज्या माणसाचा दावा ऐकायचा त्याची भाषाच कळत नसेल, तर सगळा कारभार दुभाष्याच्या हाती जाणार, हे वेलस्लीने ओळखले होते. म्हणून त्याने या नव्या नोकरांसाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम आखला आणि त्यात देशी भाषांना मध्यवर्ती स्थान दिले.

या शिक्षणाची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. प्राध्यापकाचे व्याख्यान हा तिचा केवळ एक भाग होता. त्याच्या जोडीला पंडित आणि मुनशी असत. विद्यार्थ्याने त्यांच्यासमोर बसून वाचावयाचे, बोलावयाचे, भाषांतर करावयाचे आणि चुकत चुकत दुरुस्त व्हावयाचे. ठरावीक काळाने जाहीर परीक्षा होत, पदके व बक्षिसे मिळत. आणि या सर्वांच्या शिखरावर होता तो जाहीर वादविवाद. 6 फेब्रुवारी 1802 रोजी असा पहिला समारंभ झाला. विद्यार्थ्यांनी फारसी, हिंदुस्थानी आणि बंगाली या भाषांत एकेक प्रमेय मांडून त्यावर मंडन-खंडन केले. बंगालीतील प्रमेय होते ते असे की, आशियाई लोक युरोपीयांइतक्याच उच्च सुधारणेस पात्र आहेत. राज्य करावयास आलेल्या तरुणांनी हा विषय रयतेच्या भाषेत आणि त्यांना ती भाषा शिकवणाऱ्या पंडितांच्या देखत वादाला घ्यावा, यातला उपरोध वेगळा सांगावयास नको.

या वर्गासाठी पुस्तके मात्र नव्हती. विल्यम कॅरी 1801 मध्ये बंगाली व संस्कृतचा शिक्षक म्हणून नेमला गेला, तेव्हा बंगालीत पद्य विपुल होते, पण शिकवण्याजोगे छापील गद्य जवळजवळ नव्हते. त्याच वर्षी श्रीरामपूरच्या छापखान्यातून रामराम बसूंचे 'राजा प्रतापादित्य चरित्र' निघाले आणि कॅरीच्या नावावरचे 'कथोपकथन'ही निघाले. हे दुसरे पुस्तक आमच्या विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहे. त्यात एका बाजूला बंगाली संवाद आणि समोर इंग्रजी भाषांतर आहे. चाकर ठेवण्याची बोलणी, साहेबाचे हुकूम, सावकार आणि कूळ, कोळ्यांचे बोलणे, भिक्षेकरी, लग्नाची मध्यस्थी, बाजारहाट, इतकेच काय, बायकांचे कडाक्याचे भांडण हेदेखील त्यात आहे. जाणत्या स्थानिक माणसांकडून, बोलणाऱ्याच्या तोंडी शोभेल अशा स्वाभाविक भाषेत हे संवाद लिहवून घेतल्याचे कॅरीने प्रस्तावनेत सांगितले आहे. व्याकरणाचा नियम पाठ असलेला साहेब भांडणाऱ्या दोन बायकांपुढे निरुत्तर होईल, हे ज्याला कळले होते त्यानेच ही योजना केली असली पाहिजे. भाषा ही प्रसंगात वापरावयाची गोष्ट आहे, म्हणून ती प्रसंगातच शिकवली पाहिजे, असा या पुस्तकामागचा सिद्धान्त होता. तो कोणी शास्त्र म्हणून मांडला नव्हता, एवढेच.

हाच साचा लवकरच मराठीला लागू झाला. 1803 मध्ये दुसरे इंग्रज-मराठा युद्ध सुरू झाले. त्याच वर्षअखेरीच्या देवगावच्या तहाने कटक प्रांत भोसल्यांकडून कंपनीकडे गेला. मराठी दप्तर वाचणारा आणि मराठी माणसाशी बोलणारा नोकर आता हवा होता. 1804 पासून कॅरीकडे मराठीचेही काम आले आणि 1805 मध्ये त्याचे मराठी व्याकरण श्रीरामपुरास छापले गेले. त्याच्या शेवटी परिचित विषयांवरील संवाद जोडलेले आहेत, ही गोष्ट आपण सहसा नोंदवत नाही. 1810 मध्ये मोडी अक्षरांचा वापर केलेला कोश आला. पुढे 'सिंहासन बत्तिशी' 1814 मध्ये, 'हितोपदेश' 1815 मध्ये आणि 'राजा प्रतापादित्याचे चरित्र' 1816 मध्ये निघाले. यांमागे कॉलेजचे मुख्य मराठी पंडित वैजनाथ शर्मा यांचा हात होता. व्याकरणासाठी आपण त्यांचे ऋणी असल्याचे कॅरीनेही मान्य केले आहे. या यादीकडे नीट पाहिले, की बंगाली वर्गासाठी ठरलेला अभ्यासक्रमच मराठीत उतरलेला दिसतो. बंगालच्या प्रतापादित्याचे चरित्र मराठीच्या आरंभीच्या छापील गद्यात का यावे, याचे कारण वाङ्मयीन नाही. ते अध्यापनाच्या सोयीचे आहे. मराठीत महानुभावांचे गद्य होते, बखरी होत्या, पत्रव्यवहार तर अफाट होता. पण कलकत्त्यातील पाठ्यक्रमाने, रघूजी भोसल्यांच्या वंशावळीसारखा अपवाद सोडता, त्या परंपरेकडे फारसे पाहिले नाही.

तथापि, या पद्धतीचे गुणगान करून थांबणे इतिहासाला धरून होणार नाही. जाहीर वादविवादाचेच उदाहरण घेऊ. प्रमेय आधी ठरलेले, भाषणे आधी रचलेली. ती पुढे निबंधसंग्रहांच्या रूपाने छापलीही गेली. गव्हर्नर-जनरलपुढे तयार भाषण म्हणून दाखवणे आणि कचेरीत फिर्यादीला समजून घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. विद्यार्थी तोंडाने बोलतो आहे, म्हणून तो मनानेही क्रियाशील आहे, असे होत नाही. आजच्या प्रशिक्षणवर्गांतील गटचर्चा आणि सादरीकरणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा फरक समजावून सांगण्याची गरज नसावी. क्रिया आणि क्रियेचा देखावा यांतील सीमारेषा तेव्हाही पुसट होती आणि आजही पुसटच आहे.

लंडनमधील संचालकांची हरकत मात्र निराळी होती. आपल्याला न विचारता एवढा खर्चाचा डोलारा उभारला, हे त्यांना रुचले नाही. 1802 च्या आरंभी त्यांनी कॉलेज बंद करण्याचा हुकूम धाडला. वेलस्लीने अंमलबजावणी लांबवली आणि अखेर तडजोड झाली. कलकत्त्यास केवळ भाषांची शाळा उरली. सामान्य शिक्षणासाठी 1806 मध्ये इंग्लंडमध्येच ईस्ट इंडिया कॉलेज निघाले, जे 1809 पासून हेलिबरीस भरू लागले. तेथे कायदा, गणित, प्राचीन युरोपीय भाषा आणि अर्थशास्त्र शिकवले जाई. अर्थशास्त्र शिकवावयास खुद्द माल्थस होता. पौर्वात्य भाषाही होत्या. पण ज्या भाषेच्या भोवती तिचा बाजार नाही, चावडी नाही, ती भाषा व्याकरण आणि भाषांतर यांच्याच अंगाने शिकवली जाणार, हे उघड आहे. हेलिबरीत तयार झालेल्या तरुणांना बंगालमध्ये उतरल्यावर पुन्हा फोर्ट विल्यममध्ये भाषा शिकण्यासाठी बसावे लागे, ही वस्तुस्थिती पुरेशी बोलकी आहे. आधी सर्व ज्ञान भरून घ्यावे आणि मग कामावर जावे, की कामाच्या सान्निध्यातच ज्ञान मिळवावे, हा वाद या दोन संस्थांच्या रूपाने अर्धशतक चालला. फोर्ट विल्यम कॉलेज 1854 मध्ये मोडीत निघाले आणि हेलिबरीचे 1858 मध्ये. वाद मात्र शिल्लक राहिला.

त्या वादावर पुढील काळातील मानसशास्त्राने काही प्रकाश टाकला आहे. 1885 मध्ये हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून विस्मरणाचा वेग मोजला. पाठ केलेले प्रारंभीच्या काही तासांतच झपाट्याने गळते, असे त्याला आढळले. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांना एक उतारा दोनदा वाचावयास दिला. इतरांना एकदा वाचून मग न पाहता आठवेल ते लिहावयास सांगितले. पाच मिनिटांनंतर दोनदा वाचणारे पुढे होते, 81 टक्क्यांना 75 टक्के. आठवड्यानंतर चित्र उलटले: दोनदा वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवले, लिहून पाहणाऱ्यांना 56 टक्के. 2019 मध्ये हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष तर शिक्षकांनी मनावर घ्यावा असा आहे. ज्यांनी स्वतः उदाहरणे सोडवत शिकले ते चाचणीत सरस ठरले. पण आपण जास्त शिकलो असे वाटत होते ते सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्यांना. म्हणजे शिकल्याचे समाधान आणि शिकणे हे एकच नव्हे. मुनशीसमोर अडखळणाऱ्या रायटरला आपण काही शिकत आहोत असे बहुधा वाटले नसेल. तरीही टिकणारे ज्ञान त्या अडखळण्यातूनच येत असले पाहिजे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. त्या वर्गात खरोखर कोण शिकले? दप्तराप्रमाणे उत्तर सोपे आहे: कंपनीचे नोकर. परंतु ज्या निकषाची आपण वर चर्चा केली, म्हणजे आठवून मांडणे, दुसऱ्याला समजावणे, चुका शोधणे, नवीन प्रसंगात जुने ज्ञान वापरणे, तो लावला तर उत्तर बदलते. आपली भाषा आपल्याला येतेच, असे मानणाऱ्या पंडितांना एका परक्याला ती समजावून द्यावी लागली. विभक्ती कशी चालते, हा प्रयोग का होतो, बोलण्यातले वाक्य कागदावर कोठे संपते, असे प्रश्न त्यांच्यापुढे उभे राहिले असणार. त्यांची उत्तरे देताना त्यांनी गद्य घडवले. मृत्युंजय विद्यालंकार, रामराम बसू, वैजनाथ शर्मा यांनी साहेबांना भाषा शिकवली, हे खरेच. पण शिकवता शिकवता स्वतःच्या भाषेचे एक नवे रूप त्यांना गवसले, हे अधिक टिकाऊ सत्य आहे. संस्थेच्या हिशोबात मात्र ते शिकणारे नव्हते आणि पुरते शिक्षकही नव्हते. कॅरीला शिक्षक म्हणून महिना 500 रुपये आणि 1807 मध्ये प्राध्यापक झाल्यावर 1000 मिळत. मुख्य बंगाली पंडित मृत्युंजय यांना 200 आणि रामराम बसूंना 40. व्याकरणाच्या मुखपृष्ठावर कोणाचे नाव आले आणि प्रस्तावनेतील आभारांत कोणाचे राहिले, हे या आकड्यांशी सुसंगतच आहे.

हा इतिहास आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो गतकाळाच्या कुतूहलापोटी नव्हे. आपल्याकडे शिक्षकांचे उजळणी वर्ग होतात, कार्यालयांतून प्रशिक्षणसप्ताह होतात. त्यांत बोलणारा बोलतो, ऐकणारा सही करतो आणि प्रमाणपत्र दोघांच्याही उपयोगी पडते. साहित्याच्या वर्गातही विद्यार्थी आपल्या टिपणांवर जगतो आणि आपण त्याच्या निमूटपणाला आकलन समजतो. मराठी गद्याच्या आरंभकाळाविषयी त्याला सनावळी येते. वैजनाथ पंडितांसमोर कोणता पेच होता, हे त्याला कधी स्वतः सोडवून पाहावे लागत नाही. एखाद्या तासाला त्याला एवढेच सांगून पाहावे: मराठी न जाणणाऱ्या माणसाला 'मी आंबा खाल्ला' आणि 'मी आंबा खातो' यांतील फरक समजावून दे. कर्तरी आणि कर्मणी हे शब्द न वापरता तो हे करू लागला, की व्याकरण ही पाठ करण्याची गोष्ट राहणार नाही. दोनशे वर्षांपूर्वी कलकत्त्यात एका मराठी पंडिताला जे करावे लागले, त्याचाच तो एक लहानसा भाग असेल. आणि कदाचित त्यानंतर वैजनाथ शर्मा हे नाव विद्यार्थ्याच्या लक्षात परीक्षेपलीकडेही राहील.