उघाडी

रात्री लाईट गेली आणि माझ्या फिश टँकनं पेणच्या फ्लॅटमध्ये हॉलभर पाणी केलं. पंप बंद पडताच परतीच्या पाइपातून सायफन लागला, टँक उलटा रिकामा होत खालचा संप भरून वाहिला. चेक व्हॉल्व्ह होता. त्यात शेवाळ अडकलेलं.

आजोबा रोह्याच्या खारपट्टीतले. म्हणाले, "अरे, उघाडीत काटकी अडकली!"

उघाडी म्हणजे खारबांधातली झडप. ओहोटीला शेतातलं पाणी तिला बाहेर ढकलतं, भरतीला खाडीच्याच दाबानं ती मिटते. मोटर नाही, वीज नाही. पण फट राहिली की खारं पाणी आत, आणि भाताचं शेत नापीक. म्हणून बांध राखायला अख्खं गाव उतरायचं. १९४८ च्या खारजमीन कायद्यानं त्यात सरकार आलं, १९७९ ला नवा कायदा झाला. मला वाटतं, उघाडीवर रोज नजर ठेवणारे तेव्हापासून कमी झाले.

"झडपेवर विसंबू नकोस. भरती किती येणार ते आधी बघ."

मग पाइपाला पाण्याच्या पातळीखाली लगेच एक भोक पाडलं. पातळी तिथवर उतरली की हवा शिरते, सायफन तुटतो. पंप मुद्दाम बंद करून संप कुठवर भरतो ते पाहिलं. चालू पंपाला संपात पाणी कुठवर ठेवायचं, तिथे मार्करनं रेघ मारली.