किती साधनें पुरतात? : कोर्रादो बोम यांचें जीवितकार्य

यंत्र म्हटलें कीं सामान्य मनुष्याच्या डोळ्यांपुढें चाकें, पट्टे आणि तारा यांचा पसारा उभा राहतो. आणि पसारा जितका मोठा, तितकें यंत्राचें सामर्थ्य मोठें, असा त्याचा समज होतो. विसाव्या शतकांत एका इटालियन पंडितानें या समजाच्या उलट वाट धरली. यंत्राकडून काय काय करवून घेतां येईल, हें इतरांनीं विचारलें. तें सारें करवून घेण्यास कमींत कमी किती साधनें पुरतील, हें त्यानें विचारलें. या एका प्रश्नाभोंवतीं त्याचें आयुष्य फिरलें. त्या पंडिताचें नांव कोर्रादो बोम.

बोम यांचा जन्म १७ जानेवारी १९२३ रोजीं मिलान शहरीं झाला. अभियांत्रिकीची पदवी मात्र त्यांनीं स्वित्झर्लंडांतील लोझान येथें, १९४६ सालीं, म्हणजे महायुद्ध संपल्यावर एका वर्षानें मिळविली. तेथून ते झुरिकच्या विख्यात तंत्रविद्यालयांत गेले. कोनराड त्सूझ या जर्मन अभियंत्यानें बांधलेलें आणि युद्धाच्या अखेरीस बर्लिनमधून हलवून वांचविलेलें 'झेड ४' हें गणकयंत्र १९५० सालीं याच विद्यालयानें भाड्यानें आणलें. अशी यंत्रें त्या वेळीं युरोपांत बोटांवर मोजण्याइतकीं होतीं.

त्या काळीं गणित करण्यापेक्षां यंत्राला तें सांगणें अधिक अवघड होतें. श्रोत्यांनीं एक सोपें उदाहरण घ्यावें. ५ × (३ + ४) हें सूत्र फळ्यावर लिहिलें, तर शाळेंतील मुलगा कंस आधीं सोडवितो, मग गुणाकार करतो आणि ३५ हें उत्तर सांगतो. यंत्राला कंस म्हणजे काय हें ठाऊक नसे. तें सूत्र माणसानेंच फोडावें, एकेक पायरी निराळी मांडावी, प्रत्येक पायरीची आज्ञा छिद्रांच्या रूपानें पट्टीवर उमटवावी. आणि एक छिद्र जरी चुकलें, तरी सारे श्रम वायां जावेत, असा तो प्रकार होता.

सूत्र फोडण्याचें हें कंटाळवाणें काम यंत्रावरच कां सोंपवूं नये? बोम यांनीं १९५१ सालीं डॉक्टरेटसाठीं फ्रेंच भाषेंत सादर केलेल्या प्रबंधाचा हाच विषय होता. त्याच विद्यालयांत हाइन्झ रुटिशाउसर यांनींहि हाच विचार स्वतंत्रपणें चालविला होता. बोम यांचें वैशिष्ट्य निराळें. त्यांनीं यंत्रासाठीं एक लेखनभाषा योजिली आणि त्या भाषेंतील मजकूर यंत्राच्या आज्ञांत उतरविणारा अनुवादक त्याच भाषेंत लिहून दाखविला. मराठीचें व्याकरण मराठींतच लिहावें, तसें हें झालें. आज अशा अनुवादकास कंपायलर म्हणतात. आणि स्वतःच्याच भाषेंत वर्णिलेला पहिला संपूर्ण कंपायलर तो हाच, असें इतिहासकार मानतात. सूत्र फोडण्याच्या भागास अवघीं ११४ विधानें पुरलीं. शिवाय त्या भाषेंत विधानाचा प्रकार एकच : अमुक मूल्य अमुक ठिकाणीं ठेवावें. आंकडे आंत घेणें, उत्तर बाहेर देणें, एका आज्ञेवरून दुसरीवर जाणें, हीं सारीं कामें त्या एकाच प्रकारांत बसविलेलीं होतीं. थोड्या साधनांचा ध्यास असा प्रारंभापासूनच दिसतो. हा प्रबंध १९५४ सालीं इटलींतील एका गणितविषयक नियतकालिकांत छापला गेला.

पुढें बोम रोम येथील राष्ट्रीय गणनसंस्थेंत काम करूं लागले. गणिती माउरो पिकोने यांनीं स्थापन केलेल्या या संस्थेंत १९५५ सालीं इंग्लंडांतील फेरँटी कंपनीचा संगणक आला. याच संस्थेंतील सहकारी जुझेप्पे याकोपिनी यांच्यासमवेत बोम यांनीं लिहिलेला एक छोटा लेख १९६६ सालीं एका अमेरिकन नियतकालिकांत प्रसिद्ध झाला, आणि त्यानें त्यांचें नांव जगभर केलें.

त्या लेखाचा आशय समजण्यास मसावि काढण्याची युक्लिडची रीत आठवावी. ४८ ला ३६ नें भागलें, बाकी १२ उरली. मग ३६ ला १२ नें भागलें, बाकी शून्य. म्हणून मसावि १२. या रीतींत दोन गोष्टी आहेत. कृति एकामागून एक करावयाच्या, आणि बाकी शून्य होईपर्यंत त्या पुन्हां करावयाच्या. बोम व याकोपिनी यांनीं सिद्ध केलें कीं, आज्ञांचा आराखडा कितीहि गुंतागुंतीचा असो, तो क्रम आणि पुनरावृत्ति या दोनच रचनांत पुन्हां मांडतां येतो; मात्र कोठें काय घडलें याची खूण ठेवणारीं कांहीं साहाय्यक चिन्हें वापरावीं लागतात. 'हें नाहीं तर तें' ही निवडहि अशीच साधतां येते. सोयीसाठीं शिक्षक तिला निराळी मोजतात आणि रचना तीन सांगतात, एवढेंच.

त्या वेळच्या आज्ञावलींत 'गो टू', म्हणजे 'अमुक आज्ञेवर उडी घे', या आज्ञेचा सुळसुळाट होता. अशा उड्यांनीं लेखन इतकें गुंतत असे कीं लिहिणारालाहि त्याचा माग लागूं नये. १९६८ सालीं एड्सखर डाइक्स्ट्रा या डच पंडितानें एका पत्रांत या आज्ञेवर कडक टीका केली आणि त्यांत बोम-याकोपिनींच्या लेखाचा उल्लेख केला. मग मोठा वाद माजला. 'गो टू वर्ज्य करावें, असें गणितानें सिद्ध झालें आहे,' असें अनेकजण सांगूं लागले.

परंतु प्रमेयाचें म्हणणें तसें नव्हतें. उडीवांचून काम भागतें, एवढेंच तें सांगतें. उडी काढली कीं लेखन सुबोध होतें, असें तें कोठेंहि सांगत नाहीं. यांत्रिकपणें काढलेल्या उडीच्या जागीं खुणांची गर्दी होऊन मूळच्याहून दुर्बोध लेखन निपजूं शकतें. असा यांत्रिक खटाटोप करूं नये, हें डाइक्स्ट्रा यांनीं त्याच पत्रांत बजावलें होतें. घाईनें उद्धृत करणारांनीं तेवढें वाक्य वगळलें, आणि एका शक्यतेच्या सिद्धतेला आचारनियमाचें रूप आलें.

बोम यांचें चित्त मात्र अधिक खोल प्रश्नांत गुंतलें होतें. अलोन्झो चर्च यांनीं १९३० नंतरच्या दशकांत लॅम्डा-कलन नांवाची पद्धति रचली होती. तींत ना अंक, ना यंत्र. केवळ कृति, आणि एका कृतीचा दुसरीवर प्रयोग. १९६८ सालीं बोम यांनीं सिद्ध केलें कीं, या पद्धतींतील दोन पदें पूर्णपणें सोडविल्यावरहि भिन्न राहिलीं, तर त्यांचा भेद उघड करणारी परीक्षा नेहमींच रचतां येते. त्यामुळें अशीं दोन भिन्न पदें एक मानण्याचा हट्ट धरला, तर सर्वच पदें एक होऊन सारी पद्धति निरर्थक ठरते. हा सिद्धांत 'बोमचें प्रमेय' म्हणून अभ्यासिला जातो.

तूरिन येथें आणि पुढें रोमच्या विद्यापीठांत त्यांनीं अध्यापन केलें, आणि इटलींत या विषयाची एक शिष्यपरंपरा उभी राहिली. २००१ सालीं सैद्धांतिक संगणकशास्त्राच्या युरोपीय संघटनेनें आपला पुरस्कार देऊन त्यांचा गौरव केला. २३ ऑक्टोबर २०१७ रोजीं, वयाच्या ९४ व्या वर्षीं, ते निवर्तले.

आज संगणकाची भाषा शिकणारा प्रत्येक विद्यार्थी क्रम, निवड आणि पुनरावृत्ति हे धडे प्रथम गिरवितो. एवढ्यावर काम भागतें, हें बोम यांनीं त्याच्यासाठीं सिद्ध करून ठेवलें आहे. त्या साधनांनीं लिहिलेलें दुसऱ्यास समजेल असें असावें, ही जबाबदारी मात्र कोणत्याहि प्रमेयानें त्याच्या शिरावरून उतरविलेली नाहीं.