आगरकरांनी दोनदा नाकारलेला मोह

१/५ कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी १८५६ मध्ये जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर नातलगांच्या आधाराने अकोल्यास शिकले आणि १८७५ मध्ये तेथूनच मॅट्रिक झाले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिष्यवृत्ती, बक्षिसे आणि वृत्तपत्री लेखन यांवर गुजराण. सदरा एकच, रात्री धुवायचा, सकाळी घालायचा.

२/५ त्या काळी एम. ए. झालेल्या तरुणास सरकारी नोकरीची वाट मोकळी होती. घरचे दारिद्र्य पाहता ती धरणे हेच पुत्राचे कर्तव्य वाटावे. मोह असा कर्तव्याच्या वेषात आला होता. तरीही आगरकरांनी आईला पत्राने कळवले: मोठ्या पगाराची आशा धरू नकोस; पोटापुरते मिळवून आयुष्य लोकहितास देणार आहे.

३/५ ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले, १८८१ पासून ‘केसरी’चे संपादकही. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले.

४/५ दुसरा मोह अधिक सूक्ष्म होता. बालविवाहासारख्या प्रश्नांवर सहकाऱ्यांशी मतभेद झाले. मौन पाळले असते, तर पदही टिकले असते आणि मैत्रीही. १८८७ मध्ये त्यांनी संपादकपद सोडले. १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला.

५/५ विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य असतानाच १८९५ मध्ये, अवघ्या ३८ व्या वर्षी ते गेले. त्यांच्या निश्चयाची किंमत आई आणि पत्नी यशोदाबाई यांनीही मोजली. आगरकरांचा गौरव करताना तेही स्मरावे.